कोंबडीची शिदोरी

वसईच्या वाड्यांतून कोंबडी केव्हा निघून गेली, हे फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही. बावखलाच्या काठी, केळीच्या बुंध्याशी, पानवेलींच्या सावलीत दिवसभर माती उकरीत फिरणारी, दिवेलागणीला डालग्याखाली कोंडली जाणारी आणि अवचित पाहुणा दारी आला की घरधनिणीला सर्वांत आधी आठवणारी ही कोंबडी आमच्या धर्मग्रामात आता मोजक्याच घरी उरली आहे. ताटातून मात्र ती गेलेली नाही. पूर्वी सणासुदीला शिजणारी कोंबडी आता कोणत्याही रविवारी शिजते. फरक इतकाच, की ती अंगणातून न येता नाक्यावरच्या दुकानातील जाळीच्या पिंजऱ्यातून येते.

गावठी आणि ब्रॉयलर या दोहोंतील भेद विचारला, तर आपल्या घरांतून चवीचा, रश्श्याचा आणि किमतीचा भेद सांगितला जाईल. तो खराच आहे. परंतु याहून खोल असा एक भेद आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गावठी पिलू आईच्या पंखांखाली अंड्यातून बाहेर येते. ब्रॉयलरचे पिलू यंत्रात जन्मते आणि आयुष्यात एकदाही आईला पाहत नाही. यात पिलू नेमके काय गमावते? ऊब म्हणावी तर ती विजेच्या दिव्याने मिळते. दाणा म्हणावा तर तो गावठी पिलाला स्वप्नातही मिळणार नाही इतका सकस मिळतो. तरीही काहीतरी हरवतेच. ते ‘काहीतरी’ कोणते, हे शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि त्या शोधाचा आपल्या घरांतील आजारपणांशी जवळचा संबंध आहे.

आम्ही काही पशुवैद्य नव्हे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले; आतड्यांचे शास्त्र नव्हे. पण धर्मग्रामातील काही तरुणांनी कर्ज काढून पोल्ट्रीच्या शेड उभारल्या आहेत, त्यांच्या चिंता कानी येतात. आणि रुग्णालयांतून आजाऱ्यांना भेटताना ‘फादर, औषध लागू पडत नाही’ हे वाक्य अलीकडे वरचेवर ऐकावे लागते. या दोन गोष्टींमधला दुवा शोधू लागलो, तेव्हा जे वाचनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी कोंबडीच्या पोटात डोकावू. तिने टिपलेला दाणा प्रथम गळ्याखालच्या पिशवीत साठतो. तेथून तो जठरात आणि मग पेठ्यात जातो. कलेजी-पेठा म्हणून आपण जो खातो, तोच हा पेठा. कोंबडीला दात नसतात. गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने हा दणकट स्नायू जात्याप्रमाणे दाणे भरडतो. पुढे लहान आतडे लागते, आणि ते संपून मोठे आतडे सुरू होते त्या सांध्यावर दोन बाजूंना दोन बंद पिशव्या असतात. त्यांना अंधांत्रे म्हणतात. खुराडे झाडणाऱ्या आमच्या मायबहिणींना या अंधांत्रांची ओळख नावाने नसली, तरी अनुभवाने आहे. कोंबडीच्या नेहमीच्या पांढुरक्या विष्ठेखेरीज अधूनमधून जी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठा आढळते, ती अंधांत्रातून आलेली असते.

प्रौढ कोंबडीच्या अंधांत्रातील एका ग्रॅम द्रव्यात कित्येक अब्ज जिवाणू वस्ती करून असतात, आणि तेही शेकडो जातींचे. हे सारे उपद्रवी नव्हेत. धान्याचा जो तंतुमय भाग कोंबडीला स्वतःला पचविता येत नाही, तो हे जिवाणू आंबवितात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे आवडते इंधन आहे. अस्तर सशक्त राहिले, की अन्नरस नीट शोषला जातो आणि रोगजंतूंना रक्तात शिरण्यास वाव मिळत नाही. शिवाय या आम्लांमुळे सॅल्मोनेलासारख्या उपद्रवी जंतूंना तेथे राहणे अवघड होते. कोंबडीच्या शरीरातून बाहेर पडणारे यूरिक आम्लही काही अंशी उलट्या वाटेने अंधांत्रात येते आणि त्यातील नायट्रोजन हे जिवाणू पुन्हा उपयोगात आणतात. घरातील टाकाऊ पाण्यावर परसातील केळ पोसावी, तसाच हा प्रकार.

मग या जिवाणूंवाचून कोंबडी जगू शकेल काय? हा प्रश्न फार जुना आहे. जिवाणूंवाचून प्राण्याचे जीवन अशक्य ठरेल, असे मत लुई पाश्चरने 1885 साली मांडले होते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॅक्स शॉटेलियस याने 1899 च्या सुमारास निर्जंतुक पेटीत पिले वाढविण्याचे प्रयोग केले. पण ती पिले वाढेनात, खंगत जाऊन मरत. पाश्चरचे म्हणणे सिद्ध झाले, असे वाटले. पुढे 1912 साली पॅरिसमध्ये मिशेल कोहेंडी याने मात्र तशी पिले 40 दिवसांपर्यंत जगवून दाखविली. शॉटेलियसच्या पिलांचे खरे दुखणे बहुधा अन्नातील उणीव हे होते. जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा लागायचा होता. त्यानंतर 1940 च्या दशकात अमेरिकेतील नोत्र दाम या कॅथोलिक विद्यापीठात जेम्स रेनियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक कोंबड्या वाढविण्याचे तंत्र पुष्कळ पुढे नेले.

या प्रयोगांचा निष्कर्ष मोठा विचार करायला लावणारा आहे. बंदिस्त पेटीत, गाळलेली हवा आणि निर्जंतुक केलेले अन्न मिळाले, तर पिलू जिवाणूंवाचून जगते, वाढतेही चांगले. कारण जिवाणूंना पोसण्याचा खर्च त्याला पडत नाही. परंतु त्याच्या आतड्याची भिंत पातळ राहते, रोगप्रतिकार करणाऱ्या ऊती अर्धवट वाढतात, आणि पेटीबाहेर काढताच साध्या जंतूंपुढेही ते हतबल होते. जिवाणू कोंबडीकडून काही घेतात, हे खरे. पण त्या मोबदल्यात ते तिला जगात राहण्यायोग्य करतात. आणि पेटीत कोणाचेच आयुष्य जात नाही.

आता अंगणातील पिलाकडे वळू. एकवीस दिवसांची उबवण संपवून ते कवच फोडते, तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ काहीच नसते. पोटात अंड्याचा उरलेला बलक असतो. त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निभावतात. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पिसांत, तिच्या घरट्यातील पेंढ्यात आणि अंड्यांच्या कवचावरही तिचे जिवाणू असतात. पिलू डोळे उघडताच टोचू लागते. पेंढा टोचते, आईची पिसे टोचते, तिची विष्ठाही टोचते. आपल्याला किळस येईल. पण याच रीतीने आईच्या पोटातील ती सारी वस्ती पिलाच्या पोटात जाऊन नांदू लागते. आई लेकराला दिलेली ही पहिली शिदोरी होय. दाणा त्यानंतरचा.

अंडी उबवणी केंद्रात ही शिदोरी मिळत नाही. तेथे अंडी धुरी देऊन निर्जंतुक केली जातात, यंत्र निर्जंतुक असते, पिलू निघताच ते खोक्यात भरून दूरवरच्या शेडमध्ये पाठविले जाते. यात कोणाची दुष्टाई नाही; रोग टाळावा हाच हेतू असतो. परंतु मोकळी राहिलेली जागा मोकळी राहत नाही. ज्या घराला मालक नाही, त्यात पहिला शिरणारा भलाच असेल याची शाश्वती काय? एका दिवसाच्या पिलाला सॅल्मोनेलाचे मोजके जंतूदेखील पछाडू शकतात, हे 1952 सालीच दाखविले गेले होते; तेच पिलू काही आठवड्यांचे झाले, की तितक्या जंतूंना दाद देत नाही.

फिनलंडवर 1971 साली याचा प्रत्यय आला. तेथील ब्रॉयलर कोंबड्यांत सॅल्मोनेलाच्या एका जातीची साथ पसरली आणि मांसातून ती माणसांपर्यंत पोहोचली. एस्को नुर्मी या पशुवैद्यक संशोधकाला प्रश्न पडला : प्रौढ कोंबडी या जंतूला दाद देत नाही आणि पिलू मात्र बळी पडते, ते का? त्याने निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या पोटातील द्रव्य घेऊन ते नुकत्याच जन्मलेल्या पिलांना पाजले, आणि मग त्यांना सॅल्मोनेलाचा संसर्ग घडवून पाहिला. ज्यांना ते द्रव्य मिळाले होते, त्यांपैकी बहुतेक पिले बचावली. ज्यांना मिळाले नव्हते, ती संसर्गाला बळी पडली. नुर्मी आणि रंताला यांनी हे संशोधन 1973 साली प्रसिद्ध केले. भल्या वस्तीने आधीच जागा व्यापली, की उपद्रवी जंतूला आतड्याच्या भिंतीवर ठाव मिळत नाही, खाद्य मिळत नाही आणि तेथील आम्लही त्याला सोसत नाही. मात्र हा उपाय वेळेवर व्हावा लागतो. रोगजंतू आधी घुसला, तर नंतर पाजलेल्या द्रव्याचा उपयोग फारसा होत नाही.

नुर्मीने कोणतेही नवे औषध शोधले नव्हते. आईने जे दिले असते, तेच त्याने आईच्या गैरहजेरीत पिलाला दिले.

परंतु त्याच्या कितीतरी आधी जगाने दुसरीच वाट धरली होती. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स हे शास्त्रज्ञ कोंबड्यांसाठी स्वस्त पोषक खाद्य शोधीत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना मागे राहणारा चोथा त्यांनी काही पिलांना खाऊ घातला. सन 1948 च्या नाताळच्या दिवशी, सहकाऱ्यांना सुट्टी असल्यामुळे, त्यांनी स्वतःच पिलांची वजने केली. तेव्हा चोथा खाणारी पिले इतरांपेक्षा भारी भरली. चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाच्या अंशाने ही किमया केली होती. पाहता पाहता निरोगी कोंबड्यांच्या खाद्यातही रोज थोडे प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा जगभर पसरली.

ही वाढ कशाने होत होती? इंग्लंडमध्ये मेरी कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा मागोवा घेतला. जेथे पूर्वी कधी कोंबड्या ठेवल्या नव्हत्या अशा स्वच्छ, नव्या जागेत प्रतिजैविकाचा वाढीवर विशेष परिणाम दिसेना. आणि 1963 साली त्यांनी दाखवून दिले, की पूर्णपणे निर्जंतुक पेटीतील पिलांना प्रतिजैविक दिले, तर त्यांची वाढ मुळीच अधिक होत नाही. म्हणजे औषध पिलाला पोसत नव्हते. ते पिलाच्या आतड्यातील वस्तीवर काम करीत होते. ज्या शेडमध्ये गर्दी आणि घाण अधिक, तेथे त्याचा लाभ अधिक. आमच्या मते साऱ्या कथेतील कळीची गोष्ट हीच. अस्वच्छतेचा आणि आईवेगळेपणाचा तोटा औषधाने झाकला जात होता. अंथरुणातील ढेकूण तसेच ठेवून रोज झोपेची गोळी घेण्यासारखे हे झाले.

झाकलेला तोटा बाहेर आल्यावाचून राहिला नाही. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी 1970 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील एका शेतकरी कुटुंबाच्या वाडीत एक साधा प्रयोग केला. काही पिलांना टेट्रासायक्लीन वर्गातील औषध मिसळलेले खाद्य दिले, काहींना साधे. पहिल्या आठवड्यातच औषध खाणाऱ्या पिलांच्या आतड्यांतील जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांनी त्या कुटुंबातील माणसांच्या आतड्यांतही तसे जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळू लागले. त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते. त्यांनी केवळ कोंबड्या सांभाळल्या होत्या. हे निष्कर्ष 1976 साली प्रसिद्ध झाले. औषधी खाद्य बंद केल्यानंतर सहा महिन्यांत बहुतेकांच्या पोटांतून ते जिवाणू नाहीसे झाले, हेही येथे नोंदविले पाहिजे. कारण त्यात आशेला जागा आहे.

वाचकहो, कोंबडीच्या आतड्याला आणि आपल्या घराला जोडणारा दुवा हाच. जिवाणू आपले गुण एकमेकांना देऊ शकतात. कोलिस्टिन हे एक जुने प्रतिजैविक आहे. बाकी सारी औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागातील डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात, अशा मोजक्या औषधांत त्याची गणना होते. तेच औषध जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यातही घातले जात असे. या औषधाला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे 2015 साली जाहीर झाले. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. वाढीसाठी प्रतिजैविके देण्याची प्रथा स्वीडनने 1986 सालीच बंद केली होती. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून ती पूर्णपणे थांबविली. अमेरिकेत माणसांच्या उपचारांसाठी महत्त्वाच्या असलेल्या प्रतिजैविकांचा असा वापर 2017 च्या आरंभी बंद झाला.

बंदी घातली म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. औषध काढून घेतले, की कोंबडीच्या आतड्यांना सडवणारे क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू डोके वर काढतात. तेव्हा शेडमधील गर्दी कमी करावी लागते, तूस कोरडे ठेवावे लागते, पाणी स्वच्छ ठेवावे लागते, खाद्य पचेल असे द्यावे लागते आणि पोटातील भल्या वस्तीची काळजी पहिल्या दिवसापासून वाहावी लागते. स्वीडनने हे करून दाखविले. फिनलंडमध्ये निरोगी कोंबडीच्या आतड्यांतून घेतलेले आणि कसून तपासलेले जिवाणूंचे मिश्रण पिलांना देण्याची पद्धत रूढ झाली. अलीकडे चेक प्रजासत्ताकातील ब्रनो या शहरात याविषयी सुंदर काम झाले आहे. याच ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या वेलींवरून आनुवंशिकतेचे नियम शोधले. तेथील संशोधकांनी 2019 साली असे दाखविले, की नुकत्याच जन्मलेल्या पिलांना प्रौढ कोंबडीच्या सहवासात अवघे 24 तास ठेवले, तरी तिच्या अंधांत्रातील जिवाणूंची वस्ती त्यांच्यात नांदू लागते.

एक दिवस! आईच्या पंखांखालच्या एका दिवसाने हे साधते. प्रभूने यरुशलेमविषयी शोक करताना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा वापरली, हे आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. त्या पंखांखाली ऊब आणि संरक्षण असते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. तेथे आणखीही काही दिले जाते, हे या संशोधनाने कळले आणि त्या उपमेविषयीचा आमचा आदर वाढला.

तथापि जुन्या काळाचे स्तोत्र गाण्याचा आमचा हेतू नाही. अंगणातील पिलांपैकी निम्मी घार, मुंगूस आणि मांजर नेत असत. मानमोडीची साथ आली, की एका आठवड्यात खुराडे रिकामे होई. स्वस्त ब्रॉयलरमुळे कष्टकऱ्यांच्या मुलांच्या ताटातही मांस येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. पन्नास हजार पिलांच्या शेडमध्ये पन्नास हजार पिलांना पुरतील इतक्या आया आणून बसविता येणार नाहीत. आणि म्हणून कोणी उठून वाटेल त्या कोंबडीची विष्ठा पिलांना चारावी, असेही नव्हे. प्रौढ कोंबडी स्वतः न आजारता रोगजंतू बाळगू शकते. तपासलेल्या मिश्रणाचे महत्त्व त्यातच आहे.

मग आपण काय करावे? ज्यांच्या शेड आहेत, त्या आमच्या तरुणांची अडचण आम्ही जाणतो. कंत्राटी पद्धतीत पिले आणि खाद्य कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि श्रम शेतकऱ्याचे. खाद्यात काय मिसळले आहे, हे पुष्कळदा त्याला ठाऊक नसते. ते विचारण्याचा अधिकार मात्र त्याला आहे, कारण त्या शेडमध्ये तो आणि त्याची मुले रोज वावरतात. पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून ‘खबरदारी म्हणून’ पाण्यात औषध टाकण्याचा मोह आवरला, तर पहिला लाभ त्याच्याच घराला होईल. ज्यांच्या परसात अद्याप चार कोंबड्या आहेत, त्यांनी खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसू द्यावे, पिलांना मानमोडीची लस वेळेवर द्यावी आणि खुराडे झाडल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि आपण जे केवळ खाणारे, त्यांनी मांस पुरते शिजवावे, कच्च्या मांसाची सुरी-पाटी वेगळी ठेवावी, आणि स्वतःच्या सर्दी-पडशासाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणणे सोडावे. कोंबडीवाल्याला दोष देऊन तीच चूक आपण घरी करावी, हे न्यायाचे होणार नाही.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाला ‘आता कोणते औषध उरले आहे?’ असा प्रश्न डॉक्टरांना विचारावा लागतो. त्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी दूरच्या एखाद्या शेडमध्ये, एका दिवसाच्या पिलाच्या पोटात आधीच ठरलेले असते. तेथे पहिल्या दिवशी आईची शिदोरी पोहोचली, की औषधाचा चिमूटभर अंश पोहोचला, एवढाच काय तो प्रश्न आहे; आणि तो पोल्ट्रीवाल्यांचा तसाच आपणा सर्वांचा आहे.